पार्श्वभूमी: षटकोनी जाळीतले शेजारी आणि लांबलेला कोड

षटकोनी जाळीत एखाद्या घराचे शेजारी शोधणारा कोड अनेकदा एकाच साच्यातला असतो: रांग सम असेल तर ही सहा घरं, विषम असेल तर ती सहा. यात षटकोनाचा काहीच दोष नाही. गुंता घरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत आहे, आणि ही पद्धत कागदी पटांवरही होती.

चार्ल्स रॉबर्ट्स यांचा १९५८ चा 'टॅक्टिक्स २' हा युद्धखेळ चौकोनी पटावर होता. चौकोनात तिरपं सरकलं की अंतर सुमारे १.४ पट पडतं, पण चाल एकच मोजली जाते. षटकोनात सहाही शेजारी समान अंतरावर. १९६१ साली रॉबर्ट्स यांच्याच ॲव्हलॉन हिल कंपनीच्या 'गेटिसबर्ग'च्या नव्या आवृत्तीत षटकोन आले. पुढे अशा नकाशांवर स्तंभ आणि रांग जोडून घरांना क्रमांक छापले जाऊ लागले.

संगणकाच्या द्विमितीय ॲरेत हीच मांडणी जशीच्या तशी बसते, फक्त एकाआड एक रांग अर्धं घर सरकवलेली असते. हीच ऑफसेट पद्धत. गोची तिथेच होते. विषम रांगा उजवीकडे सरकवल्या, तर दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या स्तंभाच्या वरचे शेजारी स्तंभ २ आणि ३ मध्ये असतात. तिसऱ्या रांगेत त्याच स्तंभाचे ३ आणि ४ मध्ये. म्हणून घरापासून शेजाऱ्यांपर्यंतच्या फरकांच्या दोन याद्या, १२ नोंदी. शिवाय सी किंवा जावात −३ ला २ ने भागल्यावर बाकी −१ येते. त्यामुळे 'बाकी १ आहे का' ही तपासणी ऋण रांगांवर गुपचूप चुकते.

यातून सुटायची वाट स्फटिकशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच दाखवली होती. मिलर-ब्राव्हे निर्देशांकांत, म्हणजे स्फटिकातली प्रतलं ओळखायच्या आकड्यांत, षटकोनी स्फटिकाच्या एका प्रतलात १२० अंशांवरचे तीन अक्ष धरतात आणि त्यांच्या तीन निर्देशांकांची बेरीज नेहमी शून्य येते. खेळाच्या जाळीतले क्यूब निर्देशांक, म्हणजे प्रत्येक घराला दिलेले बेरीज शून्य येणारे तीन आकडे, याच घाटाचे. तिसरा आकडा पहिल्या दोघांवरून निघतो, म्हणून तो गाळला की ॲक्सियल निर्देशांक उरतात. मग शेजाऱ्यांपर्यंतचे फरक कुठल्याही घरासाठी तेच सहा: (१, ०), (१, −१), (०, −१), (−१, ०), (−१, १), (०, १). सम-विषमची अट जाते, एक लूप पुरतो. अंतरही सोपं होतं: दोन घरांच्या तिन्ही आकड्यांतल्या फरकांच्या केवलमूल्यांची बेरीज करून निम्मी करायची. माझ्या मते खरा फायदा हाच, कारण ऑफसेटमध्ये अंतराचं सूत्र वाचूनही पटत नाही.

२०१३ साली 'रेड ब्लॉब गेम्स' हे संकेतस्थळ चालवणारे अमित पटेल यांनी या सगळ्या पद्धती आकृत्यांसह एकत्र मांडल्या आणि ही नावं खेळ लिहिणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आली.

ऑफसेट मात्र हद्दपार झालेला नाही. नकाशा आयताकृती असेल तर ॲक्सियल साठवणुकीत ॲरेचे कोपरे रिकामे राहतात. म्हणून साठवण ऑफसेटमध्ये आणि हिशेब ॲक्सियलमध्ये अशी विभागणी केली जाते. रूपांतर एका ओळीचं असतं, आणि सम-विषमचा प्रश्न तेवढ्या ओळीपुरताच उरतो. घर नकाशाच्या बाहेर गेलं का, ही तपासणी मात्र दोन्ही पद्धतींत लिहावीच लागते.