बिघडलेला सेन्सर आणि धडधाकट सर्व्हर

सर्व्हर तापलेला नसतो, तरी पंखे पूर्ण वेगाने घोंघावत राहतात. किंवा भरपूर काम समोर असतानाही थंड प्रोसेसर अगदी खालच्या वेगावर अडकून बसतो. तपासलं की दिसतं, बोर्डावरचा एक सेन्सर १२७ अंश दाखवतोय. एका चुकीच्या आकड्याला अख्खं यंत्र वेठीला धरता येतं, कारण गेल्या तीसेक वर्षांत या आकड्याच्या हाती एकेक अधिकार जात राहिला. आज जे तोडगे वापरले जातात, ते समजायचे तर हे अधिकार कसे गेले ते पाहावं लागतं.

सुरुवात साधी होती. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली आय-टू-सी ही दोन तारांची बस (चिप्समधली निरोपांची सामायिक वाट) आणि तिच्यावरच बेतलेली, १९९५ मध्ये आलेली एसएमबस यांमुळे छोट्या चिप्सशी बोलणं स्वस्त झालं. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम७५ ही चिप अर्ध्या अंशाच्या पायरीने तापमान सांगायची. एलएम७८ त्यासोबत व्होल्टेज आणि पंख्यांचा वेगही मोजायची. १९९८ च्या सुमारास सुरू झालेला लिनक्सवरचा एलएम-सेन्सर्स प्रकल्प याच चिप्सच्या नावावरून ओळखला जातो. तेव्हा एखादा सेन्सर भलतंच काही दाखवू लागला, तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘इग्नोर’ची एक ओळ घातली की प्रश्न मिटायचा. आकडा फक्त माणूस वाचत होता.

खरी गुंतागुंत आली ती प्रोसेसरच्या आत तापमान मोजायला बसवलेल्या डायोड या छोट्या इलेक्ट्रॉनिक घटकाबरोबर. डायोडमधून दोन वेगवेगळे प्रवाह आळीपाळीने सोडायचे आणि व्होल्टेजमधला फरक मोजायचा, अशी ही पद्धत. प्रवाहांचं प्रमाण दहास एक असेल तर एका अंशामागे हा फरक जेमतेम ०.२ मिलिव्होल्ट भरतो. एवढ्या सूक्ष्म मोजणीत मार्गावरचा एखादा ओहम रोधही साधारण अर्ध्या अंशाची चूक घालतो. सॉल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (डाक देताना लावायचं रसायन), ओलावा, शेजारून जाणाऱ्या वेगवान सिग्नलच्या रेषा, सैल बसलेला सॉकेट, सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून ‘सेन्सर बिघडला’ असं आपण म्हणतो तेव्हा बिघाड बरेचदा सेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाटेत असतो.

काही आकडे तर स्वतःच आपली कथा सांगतात. आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येच्या दोन टोकांना १२७ आणि उणे १२८ असतात. डायोडचं जोड तुटलं की अनेक चिप्स यांपैकीच एक टोक गाठतात. बसवर कुणीच उत्तर दिलं नाही तर सगळे बिट १ वाचले जातात, मग २५५ किंवा उणे १ दिसतं. आणि चिपच्या ज्या पिनला बोर्डावर काही जोडलेलंच नाही, तिथलं तापमानही सॉफ्टवेअर इमानेइतबारे छापतं. न्युव्होटॉन कंपनीच्या देखरेख चिप्सवर ‘ऑक्सटिन’ नावाखाली दिसणारे चित्रविचित्र आकडे पुष्कळदा असेच असतात.

पुढे मोजणी प्रोसेसरच्या आतच डिजिटल झाली, पण शंका संपल्या नाहीत. इंटेलच्या कोअर पिढीपासूनचा डिजिटल सेन्सर कमाल मर्यादेपासून किती अंश दूर आहोत तेवढंच सांगतो. ती मर्यादा सुरुवातीच्या अनेक मॉडेलांसाठी जाहीर नव्हती, त्यामुळे ड्रायव्हरला, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती अंदाजाने धरावी लागे. एएमडीच्या सॉकेट एफ आणि एएम२+ वरच्या काही प्रोसेसरांमधला सेन्सर भरवशाचा नाही, हे कंपनीनेच आपल्या दोषयादीत ३१९ क्रमांकाखाली नोंदवलं. लिनक्सचा के१०टेम्प ड्रायव्हर अशा प्रोसेसरवर ‘फोर्स’ (जबरदस्तीने चालू कर) हा पर्याय दिल्याशिवाय चालूच होत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो: ज्याची खात्री नाही तो आकडा न दाखवणं हाही प्रामाणिकपणाच आहे.

अधिकाराचा टप्पा सर्व्हरमध्ये आयपीएमआय या देखरेखीच्या मानकाने पक्का केला. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये आणलेल्या या मानकानुसार बोर्डावर बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक बसतो. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असो वा नसो, तो सेन्सर वाचतो, मर्यादा ओलांडल्याची नोंद करतो, पंखे हाकतो. रीडिंग आलं नाही तर वाईटात वाईट गृहीत धरून पंखे जोरात सोडायचे, ही त्याची नेहमीची रीत. ‘प्रोसेसर तापला’ हे सांगणारी प्रोकहॉट ही सिग्नलची रेषाही दोन्ही बाजूंनी चालू लागली. म्हणजे बोर्डच प्रोसेसरला ‘हळू हो’ म्हणू शकतो. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरजवळचा एक खोटा इशारा थंडगार प्रोसेसरला रांगायला लावतो तो इथूनच.

जुनी ‘इग्नोर’ची ओळ इथे निकामी ठरते. ती आकडा लपवते, हुकूम तसाच राहतो. बीएमसीला आज्ञा देणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रॅमने मर्यादा वर सरकवली तर इशारे थांबतात, पण पंख्यांचं गणित बहुधा वेगळ्या तक्त्यावर चालतं. सर्व्हर रीस्टार्ट केल्याने बीएमसीला काही होत नाही, तो स्टँडबाय विजेवर जागाच असतो. म्हणून अडकलेली बस सोडवायला बीएमसी रीसेट करावा लागतो किंवा पॉवर केबल काढून काही मिनिटं थांबावं लागतं.

त्याआधी निदान हवं. रात्रभर बंद राहिलेल्या सर्व्हरमध्ये सगळे सेन्सर खोलीच्या तापमानाच्या आसपास असायला हवेत. आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड भाग तिथे असूच शकत नाही. भार टाकल्यावर खरं तापमान वळण घेत चढतं; क्षणात चाळीस अंशांची उडी धातूच्या हीटसिंकला शक्य नाही, ती विजेच्या जोडातली गडबड असते.

निदान पक्कं झाल्यावर प्रोकहॉटचा बाहेरचा इशारा प्रोसेसरच्या रजिस्टरमधल्या एका बिटने बंद करता येतो, पंखे हाताने ठरावीक वेगावर ठेवता येतात. पण ज्या सेन्सरचा अधिकार काढला, त्या भागावर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी: शेजारचा सेन्सर, रेग्युलेटरचं स्वतःचं रीडिंग, बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान. अशी नजर नसेल तर पंखे जोरात चाललेलेच बरे. अनेक उत्पादकांच्या बंद फर्मवेअरमध्ये (बीएमसीतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एकच सेन्सर वगळायची सोयच नसते. २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेल्या ओपनबीएमसी या खुल्या फर्मवेअरमध्ये मात्र कोणत्या पंख्याने कोणाचं ऐकायचं आणि रीडिंग हरवलं तर किती वेगाने फिरायचं, हे कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते बदलता येतं.