तारा दीड सेकंद दिसेनासा होतो तेव्हा

ग्रहविज्ञानात संशोधन करायचे तर अंतराळ संस्थेत नोकरी हवी, नाहीतर निदान एखाद्या यानावर आपले उपकरण हवे, असा समज पक्का बसला आहे. विज्ञान शाखेतले हुशार विद्यार्थीही तो मनात धरूनच दुसऱ्या वाटेला लागतात. पण या विषयाच्या एका शाखेत आज नेमकी उलट स्थिती आहे. काम ढिगाने आहे, निरीक्षक कमी पडतात आणि आठ इंची दुर्बिणीने घेतलेली नोंद शोधनिबंधात मोठ्या वेधशाळेच्या नोंदीच्या मांडीला मांडी लावून बसते. ही शाखा म्हणजे लघुग्रहांची पिधाने.

लघुग्रह आपल्या कक्षेत फिरता फिरता कधी कधी एखाद्या दूरच्या ताऱ्याच्या बरोबर समोर येतो आणि त्याचा प्रकाश काही क्षण अडवतो. हेच पिधान. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर पोचतात. त्यामुळे पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाच्याच मापाची असते. उडत्या घारीची सावली अंगणातून सर्रकन निघून जावी तशी ही सावली जमिनीवरून धावते आणि ज्याच्यावरून ती जाते त्याला तारा क्षणभर विझलेला दिसतो.

आता थोडे गणित. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, तर मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह साधारण १८ किलोमीटरने. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर उलट बाजूला असतो तेव्हा, दोघेही एकाच दिशेने धावत असतात, म्हणून सावलीचा वेग या दोहोंच्या फरकाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर येतो. लघुग्रह २० किलोमीटर रुंद असेल तर तारा जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद गायब राहील. समजा, तारा विझल्याची आणि पुन्हा उजळल्याची वेळ आपण ०.१ सेकंदापर्यंत अचूक टिपली. त्या वेळात सावली १.२ किलोमीटर सरकते, म्हणजे लघुग्रहाची कडा आपण १.२ किलोमीटरपर्यंत नेमकी पकडली. ३० कोटी किलोमीटर अंतरावरच्या वस्तूसाठी हे माप ०.०००८ विकला भरते (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). हबल दुर्बिणीला वेगळे ओळखू येणारे बारीकात बारीक अंतर सुमारे ०.०५ विकला आहे. म्हणजे हबलच्या साठ पट सूक्ष्म मोजमाप! आणि त्यात आरशाच्या व्यासाचा संबंध फारच थोडा. तारा दिसण्यापुरता प्रकाश गोळा झाला की पुढची सगळी अचूकता घड्याळाची असते.

एका निरीक्षकाला एकच जीवा, म्हणजे लघुग्रहाच्या आकाराला कडेपासून कडेपर्यंत छेदणारी एकच रेषा मिळते. तिची लांबी: सावलीचा वेग गुणिले तारा नाहीसा राहिलेला काळ. ही लांबी म्हणजे लघुग्रहाचा व्यास नव्हे, कारण ती मधून गेली की कडेने हे एकट्याला सांगता येत नाही. म्हणून सावलीच्या पट्ट्याला आडवे, काही काही किलोमीटरांवर निरीक्षक उभे करतात. प्रत्येक जीवेची दोन टोके म्हणजे लघुग्रहाच्या कडेवरचे दोन बिंदू. लंबवर्तुळ ठरवायला पाच राशी लागतात: केंद्राचे दोन सहनिर्देशक, दोन अक्ष आणि एक कोन. दोन जीवांचे चार बिंदू त्याला पुरत नाहीत, तीन जीवांचे सहा पुरतात. म्हणूनच तिसरा निरीक्षक मिळाला की नाही यावर कित्येक मोहिमांचे यश ठरते. सावली ज्याच्या जागेवरून गेलीच नाही त्याची नोंदही तितकीच मोलाची असते, कारण कडा त्याच्या जागेच्या अलीकडेच संपते हे तिच्यामुळे कळते. ‘काही दिसले नाही’ म्हणून नोंद न पाठवणे ही नवख्यांची सर्वांत नुकसानकारक सवय आहे.

आकार कळल्याने काय साधते? घनता. लघुग्रहाच्या व्यासात दहा टक्के चूक असेल तर घनफळात ती तीस टक्क्यांवर जाते आणि मग तो सलग खडक आहे की दगडगोट्यांचा सैल ढीग, हे ठरवता येत नाही. लघुग्रह स्वतःभोवती फिरताना त्याचे तेज कमीजास्त होते. त्यावरून त्याचा त्रिमितीय आकार काढण्याची पद्धत आहे, पण तिच्यातून बहुधा फिरण्याच्या अक्षाची दोन आरशातल्यासारखी उत्तरे निघतात. शिवाय आकार मिळाला तरी त्याचे प्रत्यक्ष माप किलोमीटरमध्ये मिळत नाही. पिधानाच्या दोन-तीन चांगल्या जीवा हे दोन्ही प्रश्न एका झटक्यात सोडवतात. अशी आकार-प्रारूपे जालावर खुली आहेत आणि पिधानांच्या जुन्या नोंदीही. दोन्ही जुळवून पाहायला दुर्बीणसुद्धा लागत नाही.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण या विषयातले सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र त्यातच आहे. सावलीची कडा काटेकोर नसते. प्रकाश तरंगरूप असल्याने कडेपाशी विवर्तन होते, म्हणजे तो थोडा वळून पसरतो. त्याचे माप तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले दोन, यांच्या वर्गमुळाइतके असते. तरंगलांबी ६०० नॅनोमीटर आणि अंतर ३० कोटी किलोमीटर घेतले तर उत्तर ३०० मीटर येते. वरुणाच्या (नेपच्यूनच्या) पलीकडे, ४० खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पट लांब, तेच १.३ किलोमीटर होते. भूमितीने काढलेली कडा जिथे पडते तिथे ताऱ्याचा प्रकाश निम्म्यावर नसतो, चौथाईवर असतो. कडेच्या जरा बाहेर तो मूळ तेजाच्या १.३७ पट होतो आणि मग हेलकावे खात खात स्थिरावतो. म्हणून प्रकाशाचा आलेख अर्ध्यावर जिथे छेदला जातो तीच कडा असे मानले तर उत्तरात पद्धतशीर चूक शिरते. ताऱ्याची स्वतःची तबकडी मोठी असेल तर हे हेलकावे पुसले जातात आणि त्या पुसटपणावरून ताऱ्याचा कोनीय व्यास काढता येतो. लघुग्रह जेमतेम अर्धा किलोमीटरचा आणि अंतर ३० कोटी किलोमीटर असेल, तर गडद सावली अशी उरतच नाही, विवर्तनाची नक्षीच मोजावी लागते.

मग ही संधी आताच का आली? कारण आहे ताऱ्यांची स्थाने मोजणारी गाया ही अवकाश दुर्बीण. लघुग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या स्थानात ०.१ विकलेची चूक असेल तर ३० कोटी किलोमीटरवर ती सुमारे १४५ किलोमीटर भरते. त्यामुळे २० किलोमीटरच्या सावलीसाठी कुठे उभे राहायचे हे पूर्वी कोणालाच सांगता येत नसे आणि बहुतेक निरीक्षक रिकाम्या हाताने परतत. गायाने अब्जाहून अधिक ताऱ्यांची स्थाने विकलेच्या हजाराव्या भागापेक्षाही नेमकी दिली. २०२२च्या तिच्या तिसऱ्या माहितीसंचात दीड लाखाहून अधिक लघुग्रहांची मोजमापेही आली. गायाचे वेध जानेवारी २०२५ मध्ये थांबले, पण चौथा संच डिसेंबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. त्यात लघुग्रहांच्या कक्षा आणखी घट्ट बसतील. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५च्या जूनमध्ये आपली पहिली चित्रे दाखवली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या वेधांतून २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा लाखांत जाईल आणि त्यांतल्या प्रत्येकाची सावली कुठे ना कुठे पडणार आहे.

या पद्धतीचा इतिहासही दणदणीत आहे. १० मार्च १९७७ रोजी युरेनसची कडी पिधानातूनच सापडली. २०१३ साली चारिक्लो या अवघ्या अडीचशे किलोमीटरच्या पिंडाभोवती दोन कडी दिसली. लघुग्रहासारख्या छोट्या पिंडाला कडी असल्याचे तेव्हा प्रथमच कळले. २०१७ मध्ये अर्जेंटिनात चोवीस दुर्बिणी ओळीने उभ्या केल्या होत्या आणि त्यांतल्या पाचांवर अ‍ॅरोकॉथची सावली पडली. वरुणापलीकडचा तो पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा हे त्या पाच जीवांवरूनच दिसले. न्यू होरायझन्स यान १ जानेवारी २०१९ रोजी तिथे पोचले, तेव्हा तसेच निघाले. क्वावार या वरुणापलीकडच्याच दुसऱ्या पिंडाचे कडे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यामागे मोठ्या दुर्बिणींबरोबर ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या. ते केंद्रापासून ४,१०० किलोमीटरवर आहे. रोश मर्यादा मात्र १,८०० किलोमीटरच्या आसपास येते. त्या मर्यादेबाहेर कड्यातल्या कणांचा गोळा होऊन चंद्र बनायला हवा. तो का बनला नाही, यावर अजून काम चालू आहे.

प्रत्यक्ष वेध घ्यायचा तर आधी घटना निवडावी लागते. ‘ऑकल्टवॉचर’सारखी मोफत आज्ञावली आपल्या जागेजवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी देते. ताऱ्याचे तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका लहान तितका तारा ठळक. सुरुवातीला तारा अकराव्या प्रतीपेक्षा ठळक, तेजातली घट एक प्रतीहून जास्त, काळ दोन सेकंदांहून अधिक आणि क्षितिजापासून उंची २५ अंशांवर असेल असेच पिधान घ्यावे. घटीचा आकडा दुर्लक्षू नये. लघुग्रह आणि तारा सारखेच तेजस्वी असतील तर घट फक्त ०.७५ प्रत असते. लघुग्रह दोन प्रतींनी ठळक असेल तर जेमतेम ०.१६, आणि ती हवेच्या लुकलुकण्यात हरवते. एक्स्पोजर अपेक्षित काळाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ठेवू नये. कॅमेऱ्याचा आपोआप बदलणारा गेन (संवेदनक्षमता) बंद करावा, नोंद तेजाच्या सम प्रमाणात राहावी म्हणून गॅमा १ ठेवावा, आणि नोंद एसईआर किंवा फिट्स स्वरूपात घ्यावी. दाबलेला एमपी४ व्हिडिओ मोजमापाला निरुपयोगी ठरतो, कारण दाबताना ताऱ्याचे तेज बदलते. चौकटीत शेजारचा एक तारा हवाच. दोघे एकदम मंदावले तर तो ढग समजावा.

सर्वाधिक नोंदी वाया जातात त्या चुकीच्या ताऱ्यामुळे. आदल्या रात्री चार मिनिटे उशिरा तोच ताऱ्यांचा पट त्याच जागी येतो. तेव्हा दुर्बीण लावून नकाशाशी पडताळून ठेवावी.

त्याखालोखाल फसवते ते घड्याळ. संगणकाची वेळ इंटरनेटवरून जुळवलेली असली तरी कॅमेऱ्यातून चित्र संगणकात पोचायला लागणारा विलंब दर वेळी वेगळा असतो. म्हणून प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ उमटवणारा कॅमेरा किंवा जोडयंत्र वापरतात. त्यातही एक खाच आहे. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा १८ सेकंद पुढे आहे आणि हा फरक उपग्रहाच्या संदेशातून येतो. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात. बऱ्याच दिवसांनी यंत्र सुरू करून लगेच नोंद घेतली तर वेळ काही पूर्ण सेकंदांनी चुकलेली असू शकते आणि आलेखात ते कुठेच दिसत नाही. यंत्र किमान वीस मिनिटे आधी, मोकळ्या आकाशाखाली सुरू करावे. ओळीओळीने वाचणारा संवेदक असेल तर तारा चौकटीच्या वर आहे की खाली यानेही वेळ बदलते. ती दुरुस्ती करावी, नाहीतर सगळी चौकट एकदम टिपणारा संवेदक घ्यावा.

नोंद किती वेळ चालू ठेवायची? मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहासाठी आधी दोन आणि नंतर दोन मिनिटे पुरतात. वरुणापलीकडच्या पिंडासाठी नाही. क्वावारच्या कड्यापासून मध्यापर्यंत यायला सेकंदाला वीस किलोमीटर वेगाने साडेतीन मिनिटे लागतात. तिथे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटे घ्यावीत. नंतर पायमूव्ही किंवा टँग्रा या आज्ञावलींतून प्रकाशाचा आलेख काढून अक्षांश, रेखांश आणि उंचीसह नोंद आंतरराष्ट्रीय पिधान संघटनेच्या आपल्या भागातल्या शाखेकडे पाठवावी. तपासणी होऊन ती सार्वजनिक संग्रहात जाते आणि तिच्यातून निघालेले स्थान लघुग्रहाची कक्षा सुधारायला वापरले जाते.

कक्षा सुधारणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण अपोफिस हा लघुग्रह. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल आणि त्याच्या नावाने जगबुडीचे निरोप आतापासूनच फिरत आहेत. मार्च २०२१ मध्ये रडारचे वेध घेतले गेले आणि पुढची किमान शंभर वर्षे टक्कर होणार नाही हे निश्चित झाले. त्याच महिन्यात या सुमारे साडेतीनशे मीटरच्या दगडाने केलेले ताऱ्याचे पिधानही टिपले गेले. सूर्याची उष्णता परत फेकताना मिळणाऱ्या सूक्ष्म ढकलीमुळे त्याची कक्षा वर्षाला सुमारे २०० मीटरने आकसते. हा परिणाम ठामपणे मोजण्यात अशा वेधांचा मोठा वाटा आहे. कुंडली मांडून त्याचे फळ सांगणाऱ्यांना यातला एक मीटरही काढता येत नाही, आणि अशा निरोपांनी माणसांना घाबरवणे हा सरळ अन्याय आहे.

पुढच्या काळातली कामे स्पष्ट आहेत. हेरा यान २०२६च्या अखेरीस डिडिमॉस या लघुग्रहापाशी पोचणे अपेक्षित आहे, आणि तो पाऊण किलोमीटरचा पिंड पिधानांत आधीच पकडला गेला आहे. लूसी यान सप्टेंबर २०२७ मध्ये पॉलिमेली या लघुग्रहाजवळून जाईल. तिच्या बाबतीत २७ मार्च २०२२ रोजी निरीक्षकांच्या २६ तुकड्या पसरल्या होत्या. चौदांना पॉलिमेलीची सावली मिळाली आणि दोघांच्या आलेखात वेगळीच एक खाच आली. तो सुमारे पाच किलोमीटरचा, दोनशे किलोमीटरवरचा चंद्र होता. दोघांनी टिपला म्हणून तो मान्य झाला. एकट्या निरीक्षकाच्या आलेखातली दुसरी खाच चंद्राची की हवेची, हे ठरवणे फार कठीण असते. त्यामुळे निघताना सोबत्याला आपल्या जागेपासून एक-दोन किलोमीटरवर, सावलीच्या वाटेला आडवे उभे करावे आणि दोघांची घड्याळे, कॅमेरे, संगणक पूर्णपणे स्वतंत्र ठेवावेत.