गॅस संपला, की बर्फाने वाट अडवली?

सोलापुरात उन्हाळ्यात फ्रीज बिघडला की ते सगळ्यात आधी दह्याला कळतं. सकाळी ठेवलेलं दही दुपारी धपाट्यासोबत घ्यायला काढलं आणि पहिल्याच घासाला डोळे मिटले, की समजायचं. दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हेच झालं. डबल डोअर फ्रीज. वर फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे बऱ्यापैकी घट्ट, खाली मात्र दुधाचं पातेलं कोमट. मेकॅनिक आला, मागे हात लावून बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "गॅस संपलाय काका." गॅस भरला, पैसे दिले. नऊ दिवस फ्रीज नव्यासारखा चालला. दहाव्या दिवशी दही पुन्हा आंबट.

गॅसला काही झालंच नव्हतं. मग नऊ दिवस गार कसा राहिला, हे कोडं मला पुढे बऱ्याच दिवसांनी सुटलं.

मुळात 'संपला' हा शब्दच घोटाळा करतो. शेगडीच्या सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस बंद नळीत गोल फिरत असतो: आतल्या कॉइलमध्ये उष्णता उचलायची, मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळीत ती सोडायची, पुन्हा आत. नळी शाबूत असेल तर पंधरा वर्षांनीही तोच गॅस तेवढाच असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरला तर तोही त्याच वाटेने जाणार.

दुसरा आजार फक्त फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे आमच्या डबल डोअरसारख्या आपला बर्फ आपणच वितळवणाऱ्या फ्रीजचा. या फ्रीजमध्ये गार होणारी कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनलआड लपवलेली. एक छोटा पंखा तिच्यावरची गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि त्यातलीच थोडी खालच्या कप्प्यात पाठवतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातली वाफ कॉइलवर बर्फ होऊन बसते. म्हणून ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर थोडा वेळ तापतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये उतरतं. हीटर जळला, किंवा त्याला सुरू-बंद करणारा बायमेटल, सेन्सर वा टायमर बिघडला, की बर्फ उतरतच नाही. थरावर थर चढत सोलापुरी चादरीएवढा जाड होतो. कॉइल आत गारच असते, पण हवेला वाट उरत नाही.

इथेच दोन्ही आजार सारखे दिसायला लागतात. दोन्हींत खालचा कप्पा कोमट, दोन्हींत कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो. खाली दूध नासलं एवढ्यावरून कुणीच निदान करू नये, मेकॅनिकने तर नाहीच.

फरक हाताला कळतो. फ्रीज तासभर सलग चालू राहू द्या आणि मग बाजूच्या पत्र्यांवर तळहात ठेवा. जुन्या फ्रीजची जाळी मागे असते, तिच्यावर ठेवा. पत्रा ऊबदार लागला तर गॅस आपलं काम करतोय, आतली उष्णता बाहेर येतेय. कॉम्प्रेसर तापलाय पण पत्रा आसपासच्या भिंतीइतकाच, तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे. (कॉम्प्रेसरने दाब देणं सोडलं किंवा बारीक नळी चोंदली तरी हेच दिसतं, म्हणून इथेही 'संशय' एवढंच म्हणतो.) गळतीत फ्रीझरही सुटत नाही. आधी आइस्क्रीम मऊ पडतं, मग खडे जमेनासे होतात, आणि हे हळूहळू, आठवड्यागणिक वाढत जातं. बर्फ साचण्याच्या आजारात फ्रीझर बराच काळ तग धरतो आणि खालचा कप्पा आधी मान टाकतो. फ्रीझरच्या मागच्या पॅनलवर पांढरी खरखरीत साय दिसते, कधी पंख्याची पाती बर्फाला घासून टकटक आवाज येतो.

खात्रीची परीक्षा मात्र एकच, आणि ती फुकट आहे. सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका आणि पूर्ण २४ तास हात लावू नका. खाली जुने टॉवेल अंथरा. टॉवेलची आपल्या गावाला काय कमी. दुसऱ्या दिवशी सुरू करून आणखी एक दिवस द्या. फ्रीज छान गार झाला आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा मंदावला, तर बर्फच. २४ तासांनंतरही फरक नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघा.

आता माझे नऊ दिवस. गॅस भरताना मेकॅनिकने फ्रीज सकाळी बंद केला, दारं उघडी ठेवली आणि मधे दुसरीकडे जाऊन रात्री परत आला. मे महिन्याच्या त्या दिवसात आतला सगळा बर्फ वितळून गेला. फ्रीज बरा केला तो उन्हाने. पैसे घेतले गॅसने. दुसऱ्या मेकॅनिकने पॅनल उघडून मीटर लावला, बायमेटल गेलेला निघाला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, किंमत गॅस चार्जिंगच्या पासंगालाही न पुरणारी.

याच्या नेमकं उलट प्रकरण अशोक चौकातल्या वहिनींकडे झालं. त्यांचा सिंगल डोअर. त्यात हीटर नसतो, बर्फ आपणच बटण दाबून वितळवायचा, आणि तेवढा धीर सणासुदीला कुणाला असतो? वहिनींनी सुरी घातली. "भावजी, फुस्स झालं बघा की," फोनवर आवाज रडवेला. सिंगल डोअरमध्ये फ्रीझरचा पत्रा हीच कॉइल, गॅसच्या वाटा त्या पत्र्यातच असतात. इथे मात्र गॅस खरोखर गेला होता, एका मिनिटात. मी आधी खिडक्या उघडायला सांगितलं आणि कुठल्याही बटणाला, पंख्याच्यासुद्धा, हात लावू नका म्हणालो. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो बहुतेकदा १०० ग्रॅमच्या आतच असतो, पण पेट घेतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, ते मेकॅनिकला फोनवरच सांगावं.

खरोखर गळती निघालीच तर त्याच्याकडून चार कामं मागा: गळती दाखव, ड्रायर फिल्टर (नळीतला ओलावा शोषणारी डबी) बदल, व्हॅक्यूम कर म्हणजे नळीतली हवा ओढून काढ, आणि गॅस वजन करून भर. अंदाजे भरणाऱ्याला मी तरी दारातूनच परत पाठवीन.

आणि कधी कधी दोन्हीपैकी काहीच नसतं. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर एन, एसटी किंवा टी असं अक्षर असतं. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत काम करण्याची हमी. सोलापूरचा पारा मेमध्ये ४३च्या वरही जातो, त्यात पत्र्याचं घर आणि भिंतीला चिकटलेला फ्रीज. अशा दुपारी फ्रीज दमला तर तो आजार नव्हे. चार बोटं पुढे ओढा, जाळीवरची धूळ झाडा, दाराच्या रबरात कागद अडकवून तो सहज निसटतो का बघा.

हीटर चालतो की नाही याची एक खूण फ्रीजच्या मागेच असते: कॉम्प्रेसरवरचा ट्रे. पावसाळ्यात तो दिवसेंदिवस कोरडा राहिला तर बर्फ आत साठतोय असं समजा. मेमध्ये मात्र कोरडा दिसला म्हणून घाबरू नका, आपल्या हवेत ते पाणी थांबतच नाही.