अंगठ्याला मिळणारे उत्तर : टचपॅड असलेल्या गेम कंट्रोलरची पार्श्वभूमी

गेम खेळताना डोळे पडद्यावर खिळलेले असतात आणि हात न पाहता काम करत असतात. म्हणून कंट्रोलरवरच्या प्रत्येक बटणाला हाताशी बोलावे लागते. अंगठा आत्ता कुठे टेकला आहे, किती दाब पडला आहे आणि दाबल्याची नोंद झाली की नाही, हे सगळे हाताला स्पर्शातूनच कळायला हवे. बटणाची उंचावलेली कड, त्याखालच्या रबराच्या घुमटाने आधी केलेला विरोध आणि मग त्याचे एकदम खचणे, काठीला (जॉयस्टिकला) मध्याकडे ओढून घेणाऱ्या स्प्रिंगचा ताण, या साध्या यांत्रिक गोष्टींमधून ही माहिती विजेचा एक कणही न वापरता आणि कोणताही विलंब न होता मिळते. टचपॅडचा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग यातले काहीच आपणहून देत नाही. त्यामुळे टचपॅड कंट्रोलरवर आणण्याचा इतिहास हा बहुतांशी हरवलेले उत्तर अंगठ्याला परत मिळवून देण्याच्या धडपडीचा इतिहास आहे, आणि तो समजून घ्यायचा तर टचपॅडच्याही मागे जावे लागते.

सपाट नियंत्रणांचा पहिला मोठा अनुभव खेळणाऱ्यांना मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या इंटेलिव्हिजन या गेमयंत्राने दिला. १९७९ मध्ये चाचणीपुरता आणि १९८० मध्ये सर्वत्र विक्रीला आलेल्या या यंत्राच्या कंट्रोलरवर काठीऐवजी एक गोल चकती होती, जी सोळा दिशा ओळखत असे, आणि तिच्या वर बारा कळांचा एक फलक होता, ज्यावर प्रत्येक गेमचे छापील पान सरकवून बसवायचे असे. कागदावर पाहिले तर सोळा दिशा ही चैनच होती. पण चकतीवर अंगठा नेमका कोणत्या दिशेला आहे हे सांगणारी एकही खूण बोटाला लागत नसे. १९८२ च्या अटारी ५२०० ने वेगळ्या वाटेने तीच चूक केली. त्याच्या काठीला मध्यावर परत आणणारी स्प्रिंगच नव्हती, त्यामुळे काठी सोडून दिली तरी ती जिथे असेल तिथेच राही आणि ‘मध्य’ नावाची जागा हाताला सापडत नसे.

त्याच १९८२ साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या ‘डाँकी काँग’ या छोट्या यंत्रावर क्रॉसच्या आकाराचे दिशाबटण बसवले. हा क्रॉसही जवळपास सपाटच आहे, अंगठा तो उचलत नाही की पकडत नाही. तरीही त्याच्या चार भुजांच्या कडा बोटाला स्पष्ट लागतात, आणि सगळा क्रॉस मध्यावर तोललेला असल्यामुळे एक बाजू दबली की समोरची किंचित वर येते. म्हणजे अंगठ्याला कोणती दिशा दाबली हे तर कळतेच, शिवाय कोणती दाबली गेली नाही हेही कळते. इंटेलिव्हिजनची चकती आणि हा क्रॉस यांच्या जाडीत फारसा फरक नाही. फरक आहे तो हाताला मिळणाऱ्या उत्तरात, आणि पुढच्या चार दशकांत बहुतेक कंट्रोलरवर या ना त्या रूपात क्रॉसच टिकला.

स्पर्शप्रतिसाद म्हटले की बहुतेकांना आठवते ती कंट्रोलरची थरथर, आणि तिचा इतिहास काहीसा वेगळा आहे. सेगाने १९७६ मध्ये ‘मोटो-क्रॉस’ या आर्केड यंत्राचे हँडल टक्कर झाली की थरथरेल अशी व्यवस्था केली होती. घरातल्या कंट्रोलरवर ही कल्पना रुळली ती १९९७ मध्ये: निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला मागून जोडायचा ‘रंबल पॅक’ त्या वर्षी आला आणि वर्षअखेरीस सोनीने जपानमध्ये दोन मोटरी असलेला ड्युअलशॉक आणला. या मोटरींची रचना अगदी साधी आहे. मोटरीच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेले वजन बसवलेले असते आणि ते फिरले की सगळे आवरण हादरते. मात्र वजन वेगाने फिरवले की हादरा मोठाही होतो आणि त्याची वारंवारताही वाढते. दोन्ही एकमेकांना बांधलेले असल्यामुळे हलका पण जलद असा ठोका काढताच येत नाही. शिवाय वजनाला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. स्फोट, टक्कर, धरणीकंप यांसाठी हे पुरेसे होते.

या साध्या थरथरीचेही मोल किती, हे ती नाहीशी झाली तेव्हा लक्षात आले. इमर्शन या कंपनीने २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर थरथरीच्या तंत्राच्या पेटंटचा दावा लावला. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी तडजोड केली; सोनी खटला लढली आणि २००४ मध्ये ज्युरीने तिच्याविरुद्ध ८ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बरोबर आलेल्या सिक्सअॅक्सिस कंट्रोलरमध्ये थरथर नव्हती. मार्च २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांत समझोता झाला आणि त्याच वर्षी ड्युअलशॉक ३ मधून ती परत आली.

इथे एक भेद स्पष्ट करणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण बरीच चर्चा त्याच्यापाशीच घसरते. थरथर ही खेळातली बातमी हाताला सांगते: गाडी आपटली, गोळी लागली. अंगठ्याने काय केले याविषयी ती काहीच सांगत नाही. बटणाची टिचकी मात्र नेमके तेच सांगते. पहिली नसली तर खेळ थोडा फिका होतो. दुसरी नसली तर हात चुकायला लागतो. टचपॅडला गरज होती ती या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादाची, आणि फिरत्या वजनाची मोटर तो देऊ शकत नव्हती.

टचपॅड स्वतः संगणकाकडून आला. जॉर्ज गर्फाइड यांनी १९८८ मध्ये विद्युतधारितेवर (विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणारा टचपॅड तयार केला, आणि मे १९९४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेने तो लॅपटॉपवर प्रतिष्ठित केला. पृष्ठभागाखाली इलेक्ट्रोडांची बारीक जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलावरून बोटाची जागा काढली जाते. दाबावे काहीच लागत नाही, हीच त्याची सोय आणि हीच त्याची उणीव. कार्यालयीन कामात ती उणीव चालून जाते, कारण पडद्यावरचा बाण पाहत हात सावकाश सावरता येतो. खेळात तेवढी सवड नसते. २००७ नंतर स्पर्शपडद्याचे फोन पसरले, काचेवर रेखाटलेल्या काठ्या आणि बटणे आली, आणि अंगठा नकळत सरकून बटणाबाहेर गेल्याचा अनुभव खेळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा झाला.

कंट्रोलरवर टचपॅड आणणाऱ्यांनी सुरुवातीला त्याला दुय्यम काम दिले. सोनीच्या प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरायच्या गेमयंत्राच्या पाठीवर २०११ मध्ये स्पर्शफलक होता आणि नोव्हेंबर २०१३ च्या ड्युअलशॉक ४ वर मधोमध दोन बोटे ओळखणारा पॅड आला, जो सबंध दाबलाही जातो. अनेक गेममध्ये त्याचा वापर नकाशा उघडण्याचे एक मोठे बटण एवढाच राहिला. टचपॅडलाच मुख्य नियंत्रण करण्याचे धाडस केले ते संगणकावरचे गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या सेवेची मालक असलेल्या व्हॉल्व्ह या कंपनीने.

तिचा स्टीम कंट्रोलर सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. त्यामागची अडचण खरी होती. संगणकावरचे असंख्य गेम माऊससाठी बनलेले होते आणि ते कोचावर बसून खेळायचे तर काठी तोकडी पडत होती. काठी वेग ठरवते: जेवढी कलती कराल तेवढ्या वेगाने खेळातली नजर, म्हणजे पडद्यावरचे दृश्य, फिरत राहते आणि थांबवण्यासाठी काठी मध्यावर आणावी लागते. माऊस जागा ठरवतो: हात जेवढा हलला तेवढीच नजर हलते आणि हात थांबला की तीही थांबते. नेम धरण्यासाठी दुसरी पद्धत बरीच अचूक आहे, आणि अंगठ्याच्या आवाक्यात ती देऊ शकेल असे साधन म्हणजे टचपॅड. सुरुवातीच्या नमुन्यात दोन मोठे गोल पॅड होते, मध्ये स्पर्शपडदा होता आणि काठी एकही नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो विक्रीला आला तेव्हा स्पर्शपडदा गेला होता, चार बटणे नेहमीच्या चौकटच्या आकारात आली होती, डाव्या बाजूला एक काठी परतली होती आणि डाव्या पॅडवर क्रॉसची खोलगट आकृती कोरलेली होती. योकोईंचा क्रॉस इथेही हजर झाला, हे पाहून मला फार समाधान वाटले होते.

खरे नावीन्य पॅडखाली होते. प्रत्येक पॅडखाली लिनिअर रेझोनंट ॲक्च्युएटर बसवला होता, ज्यात चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर एक छोटे वजन फिरत नाही तर पुढे-मागे हलते. तो चटकन सुरू होतो आणि चटकन थांबतो, म्हणून त्यातून सुटी, टोकदार टिचकी काढता येते. आपली बोटेही याच भाषेला सरावलेली आहेत. बोटांच्या टोकांच्या त्वचेतली माइस्नरची ग्राहके (स्पर्श टिपणारी मज्जातंतूंची टोके) कमी वारंवारतेची फडफड आणि वस्तू निसटू लागल्याची चाहूल टिपतात. खोलवरची पॅसिनीची ग्राहके साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात आणि अगदी सूक्ष्म कंपनही ओळखतात. त्यामुळे योग्य क्षणी दिलेला लहानसा ठोका मेंदूला पुरतो. खरी वस्तू हलण्याची गरज राहत नाही.

उजवा पॅड ‘ट्रॅकबॉल’ पद्धतीवर ठेवला की हे हातात धरून कळते. अंगठा झटक्यात फिरवून उचलला तरी नजर वळत राहते, जणू पॅडखाली एक जड गोळा घरंगळतो आहे. सोबत टिकटिक चालू असते, आधी दाट, मग विरळ, आणि गोळा थांबला की बंद. मध्येच अंगठा टेकवला तर टिकटिक तत्क्षणी थांबते आणि गोळा अडवल्याचा स्पष्ट भास होतो. तिथे गोळा नाही, खाच नाही, स्प्रिंग नाही. आहे तो फक्त अचूक वेळ साधलेला ठोका. ही टिकटिक कानालाही ऐकू येते, आणि जाहीर करतानाच व्हॉल्व्हने सांगितले होते की हीच यंत्रणा ध्वनीच्या लहरी वाजवून स्पीकरचेही काम करू शकते. पुढे हौशी मंडळींनी तिच्यावर खरोखरच सूर वाजवले.

भासावर एवढा भरवसा का ठेवता येतो, याचे शास्त्रीय उत्तर आधीच मिळालेले होते. गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड यांनी २००१ मध्ये दाखवले की बोट सरकताना त्याला आडव्या दिशेने मिळणारा जोर योग्य रीतीने बदलला, तर प्रत्यक्षात खड्डा असलेल्या जागीही उंचवटा जाणवतो. २०१५ मध्ये ॲपलने लॅपटॉपवर आणलेल्या फोर्स टच ट्रॅकपॅडमागे हेच तत्त्व आहे. तो पॅड खाली दबतच नाही. दाब मोजला जातो आणि विद्युतचुंबक पॅडला आडवा हलका हिसका देतो, तरी वापरणाऱ्याला बटण दाबल्यासारखेच वाटते.

तरीही स्टीम कंट्रोलर सर्वांच्या हातात बसला नाही आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. माझ्या मते यात प्रतिसादाच्या गुणवत्तेपेक्षा एका मर्यादेचा भाग मोठा होता. ठोका क्षण सांगू शकतो, ताण सांगू शकत नाही. काठी पुढे रेटून ठेवली की स्प्रिंग सतत परत ढकलत असते आणि आपण किती रेटले आहे हे अंगठ्याला अखंड कळत राहते. पॅडवर अंगठा एका जागी थांबला की सगळे शांत होते. म्हणून नजर फिरवायला पॅड उत्तम आणि चालायला काठी उत्तम, ही विभागणी हळूहळू प्रस्थापित झाली. आभासी वास्तवातही हेच घडले. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हच्या कंट्रोलरवर गोल पॅड होता. २०१९ च्या व्हॉल्व्ह इंडेक्सवर काठी आली आणि पॅड आक्रसून एका लहान लंबगोल पट्टीवर आला.

दरम्यान कंपनाचे तंत्र इतर कंट्रोलरमध्येही सुधारत गेले. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचने फिरत्या वजनाऐवजी सरळ रेषेत हलणारी यंत्रणा घेतली. सोनीच्या २०२० च्या ड्युअलसेन्सने व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी चुंबकाजवळ हलणारी तारेची गुंडाळी) वापरली आणि ट्रिगरमध्ये, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणांमध्ये, मोटर बसवून खेळानुसार बदलणारा विरोध निर्माण केला. ठोक्याला न जमणारा ताण तिथे प्रत्यक्ष बळाने दिला जातो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या गेमयंत्रावर दोन पूर्ण काठ्या आहेत आणि त्यांच्या खाली ३२.५ मिलिमीटर बाजूचे दोन चौकोनी पॅडही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या स्टीम कंट्रोलरनेही हीच मांडणी स्वीकारली. डेकच्या सेटिंगमध्ये पॅडच्या ठोक्याची तीव्रता कमीजास्त करता येते आणि तो पूर्ण बंदही करता येतो. मी एकदा तो बंद करून ओळखीचाच गेम खेळून पाहिला. पॅड तोच होता, अचूकताही तीच होती, पण काही मिनिटांतच माझी नजर पडद्यावरून उतरून पुन्हा पुन्हा अंगठ्याकडे जाऊ लागली.