मॉडमधला नियम म्हणजे समीकरण नव्हे

'मॉड' (Maude) या संगणकीय भाषेतला पुनर्लेखन नियम (एका रूपाच्या जागी दुसरं लिहा, असं सांगणारा) म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचलेलं समीकरणच, हा समज जुना आहे, पण चुकीचा. समजा, यंत्रात नाणं टाकल्यावर चहा मिळू शकतो किंवा कॉफी. हे समीकरणांनी लिहा: नाणं = चहा, नाणं = कॉफी. झालं, चहा = कॉफी सिद्ध! मॉड ज्यावर उभी आहे ते, संगणकशास्त्रज्ञ होसे मेसेगेर यांच्या १९९२च्या शोधनिबंधातलं पुनर्लेखन तर्कशास्त्र म्हणूनच नियमाचा बाण समीकरणाच्या '=' चिन्हापासून वेगळा ठेवतं. समीकरण एकाच अवस्थेची दोन रूपं सांगतं. नियम अवस्थाच बदलतो, आणि तो बदल उलटा फिरेलच असं नाही. समीकरणांकडून एकच अंतिम उत्तर अपेक्षित असतं. नियमांना ती अट नाही, ते अखंड चालू राहिले तरी हरकत नाही (सर्व्हर थांबावा असं कुणाला वाटतं?). मॉडचा 'सर्च' आदेश चहा आणि कॉफी, दोन्ही शोधून दाखवतो.