लायसोसोम की प्रोटिआझोम? बिघडलेलं प्रथिन नेमकं कुठे तुटतं

शाळेत डोक्यात बसलेली ‘आत्मघाती पिशवी’, म्हणजे लायसोसोम, बी.एस्सी. झालं तरी तिथून हलत नाही. पेशी बिघडलेली प्रथिनं कुठे नष्ट करते, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: लायसोसोममध्ये. चुकीची घडी पडलेल्या बहुतेक सुट्या प्रथिनांच्या बाबतीत ते चूक आहे. तो मान प्रोटिआझोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं कापणाऱ्या यंत्राचा.

लायसोसोम तुम्हाला माहीतच आहे. पटलाची पिशवी, आत पीएच साडेचार-पाच, आम्लात चालणारी विकरं. उकिरड्यासारखं तिथे सगळं अख्खंच पडतं आणि कुजतं.

प्रोटिआझोमला ना पटल, ना आम्ल. १९७७ साली हार्वर्डमध्ये आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि जोसेफ एटलिंगर यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइटमध्ये, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशीत, सदोष प्रथिनं तयार करवली. या पेशींत लायसोसोम जवळजवळ नसतातच. तरी ती प्रथिनं भराभर तुटली, आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, काढून घेतल्यावर तुटणं मंदावलं.

खरी मेख या एटीपीत आहे. प्रथिनाचा बंध तोडायला ऊर्जा लागत नाही. आतड्यातलं ट्रिप्सिन एटीपीशिवायच काम करतं. मग इथेच का लागते? त्यासाठी आपल्याकडची रोलर जिनिंग डोळ्यांसमोर आणा. रोलर रुईचा धागा ओढून घेतो, सरकी मात्र त्या फटीतून जात नाही आणि बाहेरच पडते. प्रोटिआझोमचा गाभा म्हणजे सात-सात उपएककांची चार कडी, एकूण २८. कापणारी पाती आतल्या बाजूला, तोंड जेमतेम सव्वा नॅनोमीटरचं. घडी घातलेलं प्रथिन त्यात शिरत नाही. तोंडावरची १९एस टोपी नष्ट करायच्या प्रथिनावर खूण म्हणून चिकटवलेली युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी ओळखते, एटीपी खर्चून घडी उलगडते आणि धागा आत लोटते. ७६ अमिनो आम्लांचं ते युबिक्विटिन सरकीसारखं बाहेरच सुटतं आणि पुन्हा वापरात येतं. युबिक्विटिन चिकटवायलाही एटीपी लागतोच, पण ‘एटीपी फक्त खूण लावायला’ हे नोट्समधलं वाक्य खोडून टाका.

गुठळी झालेलं प्रथिन उलगडत नाही, म्हणून प्रोटिआझोमपुढे अडतं. तिथे ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचाच माल पटलात गुंडाळून पचवण्याची वाट, येते आणि गुठळी लायसोसोममध्ये नेते. लायसोसोमचं खरं काम इथे आहे.

प्रयोगात दोन्ही वाटा वेगळ्या करायच्या तर आधी सायक्लोहेक्झिमाइडने नवं प्रथिन बनणं थांबवा, नाहीतर जुनं किती तुटलं ते कळणार नाही. मग एका प्लेटमध्ये प्रोटिआझोम अडवणारं एमजी-१३२ (साधारण १० मायक्रोमोलर), दुसरीत लायसोसोम अडवणारं बॅफिलोमायसिन (१०० नॅनोमोलर), तिसरीत नुसतं द्रावक. चार-सहा तासांत आटपा. प्रोटिआझोम जास्त वेळ बंद राहिला की पेशी ऑटोफॅजी वाढवते आणि निकाल गढूळ होतो. एमजी-१३२ चा डोस वाढवला तर ते लायसोसोममधल्या कॅथेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनाही रोखतं. म्हणून एकट्या एमजी-१३२ वर निष्कर्ष काढू नये.

प्रोटिआझोम अडवणारं बोर्टेझोमिब हे औषध २००३ साली अमेरिकेत मल्टिपल मायलोमासाठी मंजूर झालं. या कर्करोगातल्या पेशी प्रतिपिंडं ढिगाने बनवतात, त्यामुळे बिघडलेला मालही ढिगाने निघतो. त्याची वाट बंद झाली की त्या मरतात.

नंदुरबार-सातपुड्यात सिकलसेल घरोघरी ऐकलेला, म्हणून ‘बिघडलेल्या घडीचं प्रथिन’ म्हणून हमखास त्याचंच उदाहरण दिलं जातं. ते देऊ नका. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, पण घडी नीट पडते. ऑक्सिजन सोडल्यावर रेणू एकमेकांना चिकटतात. पेशीच्या घडी-तपासणीत पकडावं असं त्यात काही नसतं. योग्य उदाहरण बीटा थॅलेसेमियाचं. तिथे बीटा साखळ्या कमी पडतात, म्हणून जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या उरतात. त्यांतल्या सुट्या साखळ्या प्रोटिआझोम कापतो, गुठळ्या ऑटोफॅजी उचलते, आणि दोघांनाही भार पेलेनासा झाला की तांबडी पेशी अस्थिमज्जेतच मरते.