बस रिकॉल : इंजिनकक्षातील आगीचा धोका

बसच्या एखाद्या मॉडेलच्या रचनेत, सुट्या भागात किंवा जोडणीत आग लावू शकेल असा दोष आढळल्यास उत्पादकाने त्या मॉडेलच्या सर्व संबंधित बस तपासून मोफत दुरुस्त करून देण्याची प्रक्रिया म्हणजे रिकॉल. ही कारवाई मुख्यतः अजून न पेटलेल्या बससाठी असते. म्हणूनच प्रत्येक आगीचा पंचनामा सुटा ठेवून फाइल बंद करणे घातक ठरते.

बहुतेक शहरी लो-फ्लोअर बसचे इंजिन मागच्या बाजूला, अरुंद कप्प्यात असते. टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळ्यांची जोडणी) चालू बसमध्ये शेकडो अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि त्यांच्या आसपासच इंधनाचे, इंजिन ऑइलचे व पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचे होज, म्हणजे लवचीक नळ्या, असतात. क्लिप सैल होऊन होज घासत राहिला, फाटला आणि तेलाचा फवारा तापलेल्या धातूवर उडाला, तर आग लागायला ठिणगीही लागत नाही. दुसरे मोठे कारण विजेचे. बॅटरी, स्टार्टर आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) यांना जोडणाऱ्या जाड केबलचे आवरण कंपनाने झिजते, तार चॅसीला, म्हणजे बसच्या धातूच्या सांगाड्याला, टेकते आणि शॉर्टसर्किट होते. कप्प्यात साचलेला तेलकट धुळीचा राप मग आग पसरवतो. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये चालक अगदी पुढे बसलेला असल्याने धूर अनेकदा आधी दिसतो तो मागून येणाऱ्या वाहनचालकाला.

सीएनजी बस पेटली की संशय पहिल्यांदा सिलिंडरवर जातो. पण आगीची सुरुवात वायरिंगमध्ये किंवा तेलगळतीतही झालेली असू शकते. मूळ कारण शोधायचे राहून गेले, तर तोच दोष ताफ्यातल्या बाकीच्या बसमध्ये तसाच फिरत राहतो.

अमेरिकेत १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून रिकॉलला कायद्याचा आधार आहे. भारतात २०१२पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ने मूळ कायद्यात कलम ११०-अ घातले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांबाबत तक्रारी वार्षिक विक्रीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत पोचल्या, तर सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू होऊ शकते. सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. उत्पादकाने दोष स्वतःहून कळवून बस परत मागवल्यास दंडातून सूट मिळते. आगीच्या दोषाला मात्र टक्केवारीची ही फूटपट्टी अपुरी आहे. शहर बसचा मालक एकच असतो, त्याच्याकडे शेकडो बस असतात, आणि दोन-तीन बस सारख्याच पेटल्या तरी इशारा पुरेसा असतो.

मुंबईत २०२३मध्ये नेमके तेच दिसले. जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभराच्या अवधीत बेस्टसाठी एका ठेकेदाराने भाडेतत्त्वावर चालवलेल्या तीन सीएनजी बसना आग लागली. तिसरी २२ फेब्रुवारीला अंधेरी पूर्वेला. त्याच दिवशी बेस्टने टाटा मोटर्सच्या बनावटीच्या, त्याच ठेकेदाराकडच्या सुमारे ४०० बस रस्त्यावरून काढल्या आणि उत्पादक व ठेकेदार उपाययोजना करेपर्यंत त्या बंद ठेवण्याचे जाहीर केले. कायद्याच्या भाषेत हा रिकॉल नव्हता, परिवहन उपक्रमाने स्वतः घेतलेला निर्णय होता. थांब्यांवर रांगा वाढणार हे उघड असूनही तो योग्य होता. लंडननेही २००४मध्ये तीन जोडबस (मध्ये लवचीक सांधा असलेल्या दोन डब्यांच्या बस) पेटल्यानंतर मर्सिडीज सिटारो जातीच्या सुमारे १३० जोडबस काही काळ थांबवल्या होत्या.

दुरुस्ती पुष्कळदा साधी असते: होजचा मार्ग बदलणे, केबलला जाड आवरण व योग्य फ्यूज देणे, तापत्या भागांवर उष्णतारोधक पत्रा बसवणे. वेळ जातो तो प्रत्येक बस चॅसी क्रमांकानुसार शोधून आगारात उभी करण्यात, कारण तेवढ्या फेऱ्यांसाठी राखीव बस बहुतेक उपक्रमांकडे नसतात. इंजिनकक्षातील आग ओळखून आपोआप विझवणाऱ्या यंत्रणेसाठी भारतात एआयएस-१३५ हे मानक आहे. जानेवारी २०२२मध्ये केंद्राने लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या बसमधील प्रवासी कक्षासाठीही आगीचा इशारा व संरक्षण देणारी यंत्रणा आणण्याची अधिसूचना काढली. अशी यंत्रणा प्रवाशांना उतरायला मोलाची मिनिटे मिळवून देते. घासणारा होज मात्र बदलावाच लागतो.